थोरलीचा डोंगर

कच्छला जायचं ठरलं ते एका भांडणातून. भांडण माझं आणि माझ्या पुतण्याचं, फोनवर. ज्यांच्यावरून ते चाललं होतं त्या माझ्या थोरल्या जाऊबाई समोरच वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, जसा काही विषय शेजारच्या आळीतल्या कुणाचा तरी आहे.

झालं होतं असं की गणपतीत थोरली मागच्या पडवीत घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. दीर जाऊन बरीच वर्षं झाली. वसईजवळच्या उमेळ्याच्या घरात अर्धं तिचं, अर्धं आमचं, मधे एक भिंत आणि एक दार. प्लास्टर निघालं, हात नीट झाला, पण पुतण्याच्या डोक्यातून ते पडणं काही जाईना. तो पुण्याला असतो, नवव्या मजल्यावर. आईसाठी खोली तयार करून ठेवलेली, बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवलेल्या, आणि नवीन वर्ष लागलं की मी तिला न्यायला येतो, असं त्याने जाहीरच करून टाकलं. थोरलीला जायचं नव्हतं. तिने ते सांगितलंही, हळू आवाजात. हळू आवाजात सांगितलेलं आमच्या घरात कोणी ऐकत नाही, म्हणून मी ते मोठ्या आवाजात सांगायला घेतलं.

"काकू, तिला ओटीची पायरी उतरायला माणूस लागतो," तो म्हणाला. "एखादा डोंगर चढून दाखवू दे, मग राहू दे खुशाल एकटी."

"चढेल," मी म्हटलं. "बोललास ते लक्षात ठेव."

"अहो काकू, मी चेष्टेने म्हटलं."

"मी चेष्टेने नाही म्हटलं." आणि फोन ठेवला.

आता डोंगर काय, तुंगारेश्वरचा आमच्या गच्चीवरून दिसतो. पण थोरलीने शेंगा सोलता सोलता मान वर केली आणि म्हणाली, "डोंगरच चढायचा तर मीठ बघून येव." टीव्हीवर तिने कच्छचं पांढरं रण पाहिलं होतं, आणि त्याच्याजवळचा एक डोंगरही. तेव्हापासून तिला एकच प्रश्न पडला होता की एवढं मीठ पडलंय आणि उचलायला माणूस कसा नाही. आम्ही दोघी खाडीकडच्या, नायगावच्या बाजूला मिठागरात राबणाऱ्या घरांतल्या मुली. लग्न होऊन वाडीवाल्यांच्या घरात आलो, केळी आणि भाजी शिकलो, पण मीठ दिसलं की अजून हात शिवशिवतात. तिने स्वतःहून काही मागितलेलं मला तर आठवत नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

आमचे हे म्हणाले, "दोन बायका, एवढ्या लांब?" मी म्हटलं, मग तुम्ही चला. तर म्हणाले, वाडीला पाणी कोण लावणार. हे मला माहीतच होतं. आमच्या यांना वसईच्या पुढे न्यायचं म्हणजे वाडीही सोबत न्यावी लागेल. गाडी पुतण्याचीच घेतली, आईला डॉक्टरकडे न्यायला म्हणून त्याने उमेळ्याला ठेवलेली. मी रोज केळीची पानं आणि भाजी घेऊन टेम्पो चालवते, हायवेवरचे ट्रकवाले मला हात करतात, त्यामुळे गाडीची भीती नव्हती. पण ती निघाली ऑटोमॅटिक. डावा पाय नुसता पाहुण्यासारखा बसून. मी पालघरपर्यंत तिला नावं ठेवली.

दोन दिवसांनी आम्ही रणाजवळच्या एका गावात पोचलो. मातीचं गोल घर, आतून भिंतींवर आरसे बसवलेले, आणि घरमालक इतका साधा की आम्हाला 'बेन, बेन' करत स्वतः गरम पाणी आणून देत होता. डिसेंबर होता. सकाळी बाहेर पडलो तर थंडी अशी की थोरलीने साडीवर स्वेटर, स्वेटरवर शाल आणि डोक्याला माझा टेम्पोतला मफलर बांधला. पायात मात्र पांढरे स्पोर्ट शूज, लेकाने पाठवलेले.

आणि मग ते मीठ दिसलं. काय सांगू! डांबरी रस्ता संपला आणि पुढे नुसतं पांढरं, आभाळाला टेकेपर्यंत. सूर्य नुकताच वर येत होता, त्यामुळे कडेला थोडं गुलाबी. लोक येतात तिथे आल्याबरोबर ओरडतात, फोटो काढतात, उड्या मारतात. थोरलीने आधी पायाखाली बघितलं. मग खाली वाकली, चिमूटभर मीठ उचललं आणि जिभेवर ठेवलं.

"कडवट हाय," ती म्हणाली. "शेवटचं पानी काढून टाकायला लागतं, ते कोनी काढलंच नाय."

घरात आम्ही दोघी अशाच बोलतो. गिऱ्हाईक समोर आलं की माझा 'ण' जागेवर येतो, थोरली त्या भानगडीत पडत नाही.

आम्ही दोघींनी न बोलताच पायातलं काढून हातात घेतलं. मिठात चप्पल घालून जायचं नाही, हे आमच्या हाडात बसलंय. लक्ष्मी आहे ती. लहानपणी चुकून कोणी पोर चपलेने मिठाच्या वाफ्यात शिरलं तर आजा लांबून ढेकूळ फेकून मारायचा. इथे तर सगळी जत्रा बुटांसकट. एक गॉगलवाला गृहस्थ बुटाच्या टाचेने मिठावर बायकोचं नाव लिहीत होता. मला राहवलं नाही. "भाईसाब, जूता निकालो. मीठ है ये," मी म्हटलं. तो म्हणाला, "आप कौन?" मी म्हटलं, "मीठवाली." त्याने खरंच काढले की हो बूट! थोरली तोंडाला पदर लावून हसत राहिली.

सकाळभर मी तिला दंडाला धरून चालवत होते. गणपतीपासूनची सवयच ती. उतारावर धरायचं, चढावर धरायचं, सपाटीवर उगीच धरायचं. दुपारी डोंगर चढवायचा होता, त्याआधी कुठे धडपडली असती तर सगळंच मुसळ केरात. पुतण्या तिकडे बसून म्हणालाच असता, सांगितलं होतं ना काकू. ते वाक्य ऐकण्यापेक्षा मी वाळवंटात राहिले असते.

लोकांची गर्दी होती तिथलं मीठ तुडवून मळकं झालेलं. मला थोरलीला स्वच्छ मीठ दाखवायचं होतं, टीव्हीत होतं तसं. जरा बाजूला, जिकडे कोणी जात नव्हतं तिकडे, मोठी मोठी षटकोनी खापरं पडली होती मिठाची, कडा उचललेल्या. मी म्हटलं, तू इथंच थांब, मी आधी जमीन बघून येते. आमच्याकडे जमीन बघायची एक रीत आहे. टाच मारायची. वाफ्यावर टाच मारली आणि पक्का आवाज आला की खुशाल चाला, टोपली डोक्यावर घेऊन चाला. मी टाच मारली. ठण्ण आवाज आला. पुढे गेले, पुन्हा मारली, पुन्हा ठण्ण. मी मागे वळून थोरलीला ऐटीत हात केला, ये म्हणून, आणि पुढचं पाऊल टाकलं.

डावा पाय गुडघ्यापर्यंत आत.

आता खोटं कशाला बोलू, तोंडचं पाणी पळालं. वर मीठ, खाली काळा चिखल, बर्फासारखा गार. मी पाय ओढायला गेले तर उजवाही घोट्यापर्यंत गेला आणि डाव्यात काहीतरी कटकन वाजलं. मी जोरात ओरडले. तो गॉगलवाला मदतीला येतो की काय म्हणून बघितलं तर तो मोबाईल धरून शूटिंग करत होता.

"ओढू नको!" थोरलीचा आवाज आला. हळू आवाजातली ती बाई, पण तो आवाज अख्ख्या रणाने ऐकला असेल. "बस. हायस तिथं खाली बस!"

"बसू कुठं, चिखलात?"

"बस म्हनते ना!"

मी बसले. खाडीच्या चिखलात अडकलं की असंच करतात, हे मलाही ठाऊक होतं. खाजणात निवट्या मासे धरायला जाणारं प्रत्येक पोर ते शिकतं. बसायचं, आडवं व्हायचं, मग पाय हळूहळू गोल फिरवत काढायचा. पण ऐन वेळेला मला आठवलं का? नाही. थोरली काठाकाठाने, पाय घासत, जिथे मी आधी पाय ठेवले होते नेमकं तिथेच पाय ठेवत आली. शाल काढली, तिचं एक टोक माझ्याकडे फेकलं आणि स्वतःही खाली फतकल मारून बसली. त्या मोडलेल्या मनगटाने तिने मला ओढलं. मी पोटावर सरपटत बाहेर आले, कमरेखाली काळी, कमरेवर पांढरी.

बाहेर आल्यावर आम्ही दोघी तिथेच बसलो. चिखलाला खाडीचाच वास होता, ओहोटीच्या वेळी पुलाखाली येतो तो. थोरली वास घेऊन म्हणाली, "घरी आल्यासारखं वाटलं गो."

मग तिला हसू आलं. मला आधी राग आला, मग मलाही आलं. हसून हसून पोट दुखायला लागलं.

"टाच मारली मी," मी म्हटलं. "आवाज पक्का होता."

"आवाज मिठाचा होता," ती म्हणाली. "खालची जमीन इथं तुडवली कोनी?"

हे ऐकून मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे मीठ धरायच्या आधी महिना महिना वाफे पायांनी तुडवायचे. बायका, बाप्ये, पोरी, सगळे ओळीत उभे राहून, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, थप थप थप. पायाची कातडी निघायची. त्या तुडवण्याने खाली जमीन अशी बसायची की वरून बैलगाडी न्या. मीठ आमच्यासाठी म्हणजे खाली कुणीतरी तुडवलेली जमीन आलीच. बाकीचे सगळे पर्यटक रस्त्याच्या कडेला राहिले, कारण त्यांना काही येत नव्हतं. अडकले मी, कारण मला येत होतं.

घोटा सुजला. मोडला नव्हता, मुरगळला होता. घरमालकाच्या बायकोने हळद आणि गरम मीठ बांधून दिलं, वर बाजरीचा रोटला, लसणाची चटणी आणि ताकाचा एवढा मोठा पेला. मी खाटेवर पाय वर करून बसले आणि रोटल्याबरोबर डोंगराची चौकशी केली. त्या डोंगराला नाव होतं, पण घरमालक नुसतं 'डुंगर' म्हणायचा, म्हणून आम्हीही तेच म्हणत राहिलो. वर देऊळ आहे, म्हणाला. पायऱ्या आहेत, मधे मधे नुसती पायवाट. गावातल्या म्हाताऱ्या जातात. उजेडात उतरून या म्हणजे झालं.

"उद्या जाव," थोरली म्हणाली.

"उद्या परत निघायचंय. आजच." मी इरेला पेटले होते. डावाच पाय तर आहे, आणि गाडीत त्याला काही काम नाही! पालघरपर्यंत नावं ठेवलेल्या त्या ऑटोमॅटिकला मी मनातल्या मनात हात जोडले.

दुपारी निघालो. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना वेड्या बाभळी, मधेच म्हशींचा कळप रस्ता अडवून उभा. त्या म्हशी काय देखण्या! शिंगं अशी वळलेली की थोरलीने गाडी थांबवायला लावून त्यांच्याकडे बघून घेतलं. एका तळ्यावर मोठे पांढरे पक्षी उतरले होते, तिथेही थांबलो. तिने नातीला व्हिडिओ कॉल लावला आणि पक्षी दाखवले. नात पाच वर्षांची. ती पक्षी बघायचं सोडून "आजी, तू कुठल्या टीव्हीत आहेस?" असं विचारत राहिली. फोन ठेवल्यावर थोरली बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, पाय दुखतायत का? ती म्हणाली, नाय. मी म्हटलं, मग चेहरा असा का? तर म्हणाली, चेहरा असाच हाय माजा.

डोंगराच्या पायथ्याला एक चहाची टपरी होती, बाहेर खाट टाकलेली. डोंगर खालून बघायला मान पार मागे टाकावी लागली. गावातल्या म्हाताऱ्या जातात म्हणे! त्या म्हाताऱ्या कुठल्या मुशीतल्या आहेत देव जाणे. पायऱ्या उंच, काही ठिकाणी दगड निसटलेले, आणि वर कुठेतरी खडूने टिंब दिल्याएवढं देऊळ. मी थोरलीचा दंड धरला आणि म्हटलं, चल. पहिल्या वळणावरची पायरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. घोट्यातून अशी कळ गेली की मी तिथेच बसकण मारली.

झालं. संपलं. एवढं लांब आलो, आणि पाय कोणाचा गेला तर माझा. मला रडूच यायचं बाकी होतं.

"तू बस खाटेवर," थोरली म्हणाली. "मी जाते."

"कुठं?"

"वर. त्याच्यासाठी आलो ना?"

"एकटी?"

"तो मना चढून दाखव म्हनला होता. तुज्यासकट नाय म्हनला."

मी नको म्हटलं. हात दाखवला तिचा तिलाच, मनगटाची आठवण करून दिली. सकाळी त्याच मनगटाने तुला ओढलं, असं तिने मला सांगितलं. मग मी सूचना सुरू केल्या. कठड्याला धर. पाणी घोट घोट पी. वळणावर वळणावर फोन कर. चक्कर आली तर बस. थोरलीने पदर खोचला, साडी घोट्याच्या वर घेतली, पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा पिशवीत टाकला, आणि माझं बोलणं पुरं व्हायच्या आधी निघाली. मागे वळून बघितलंही नाही बाईने.

मी खाटेवर पाय पसरून बसले आणि बघत राहिले. तिची साडी हिरवी होती, ते एक बरं. त्या सगळ्या मातकट डोंगरावर तेवढंच हिरवं हलत होतं. थोडं वर जायचं, थांबायचं. थांबलं की माझा श्वास थांबायचा. पुन्हा हललं की मी चहावाल्याला सांगायचे, "बघा, चढतायत आमच्या जाऊबाई." त्याला मराठी कळत नव्हतं, तो मान हलवायचा. एका जागी ती बराच वेळ उभी राहिली. मी तिथूनच हाका मारल्या, "ताई! बस जरा! बस!" डोंगराने माझ्याच हाका परत दिल्या, तिने काही ऐकलं नसावं. मग ती एका मोठ्या खडकाच्या मागे गेली आणि दिसेनाशी झाली.

खडकाच्या दुसऱ्या बाजूने ती बाहेर येईल म्हणून मी बघत राहिले. येईना. फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. चहावाला म्हणाला, "भगवान का घर है बेन, चिंता मत करो." मी त्याच्यावर खेकसले, की भगवानाला म्हणावं मनगटाचं प्लास्टर आत्ताच निघालंय. बिचाऱ्याने गुपचूप आणखी एक चहा आणून ठेवला. ऊन उतरायला लागलं होतं. मला नाही नाही ते दिसायला लागलं. ती कुठे घसरली असेल, कोणी बघायला नसेल, आणि मी इथे खाटेवर पाय वर करून चहा पीत बसलेली. पुतण्याला काय तोंड दाखवू? आणि खरं सांगायचं तर पुतण्याचा विचार पहिला आला नव्हता. पहिला विचार हा आला की उद्या सकाळी उठून मी कोणाकडे जाऊ.

तेवढ्यात दोन कॉलेजच्या मुली वरून उतरत आल्या. मी लंगडत त्यांना आडवी गेले. हिरवी साडी, डोक्याला मफलर, बघितली का?

"वो आंटी? वो तो ऊपर बैठी हैं," एक म्हणाली. "हमें बिस्किट खिलाया. आप वही हैं ना जो मिट्टी में फँस गई थीं?"

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच संतापही आला. वर जाऊन माझीच बदनामी! पण मी त्या पोरीच्या गालावरून हात फिरवला, इतकी खूश झाले होते. चढली! ही बाई चढली! मी चहावाल्याला सांगितलं, त्याच्या मुंडाशावाल्या गिऱ्हाईकाला सांगितलं, वाटेने जाणाऱ्या एका मेंढपाळाला सांगितलं. आता पुतण्याला फोन करायचा आणि एकच शब्द बोलायचा, बोल! काय बोलायचं ते मी तिथेच बसून घोळवत होते.

ती उतरली तेव्हा ऊन डोंगरावरून सरकत आलं होतं. पाय आडवे टाकत, सावकाश, कठड्याला हात न लावता. चेहरा धुळीने माखलेला, मफलर गळ्यात आलेला. खाटेवर माझ्या शेजारी बसली आणि माझाच गार झालेला चहा उचलून पिऊन टाकला.

"फोटो काढलास का वर?" मी पहिलं हेच विचारलं.

"नाय."

"अगं बाई! मग तो मानेल कसा?"

"वरून फोन केला ना मी त्याला. वर रेंज हाय."

"मग? काय म्हनला?"

"आधी ओरडला. एकटी का गेलीस, काकू कुठं हाय. मग रडला." तिने कपातला गाळ बघितला. "मग म्हनला, तुला पायजे तिथं राहा आई. आता मी बोलनार नाय."

मी खाटेवर हात आपटला. "जिंकलो! बघ, मी म्हटलं नव्हतं?"

"मी त्याला सांगितलं, येते म्हनून."

मला वाटलं ती म्हणतेय की कच्छहून परत येते. मी म्हटलं, हो, परवा पोचू घरी. ती म्हणाली, घरी नाय. पुन्याला. जानेवारीत तो न्यायला येईल तेव्हा मी जानार.

मी तिच्या कपाळाला हात लावून बघितला. हिला ऊन लागलं काय?

"अगं पन तुला जायचं नव्हतं! त्यासाठी तर हे सगळं!"

"तो पडलेल्या बाईला न्यायला येत होता," थोरली म्हणाली. "पडलेली म्हनून मना कुठं जायचं नव्हतं. आता मी माज्या पायाने जाते. नात मोठी व्हायला लागली गो. मी फोनात राहिले तर मी टीव्हीतलीच वाटनार तिला."

मला राग आला. असा राग की चहावाला दोन पावलं मागे सरला. मी तोंडात येईल ते बोलले. तिथे तुला कोण ओळखणार? नवव्या मजल्यावर करायचं काय, खिडकीतून गाड्या मोजायच्या? सून सकाळी आठला बाहेर पडते. तुझं अळू, तुझी शेवग्याची झाडं कोण बघणार? तिथे मासे मिळत नाहीत धड. मी गेले चार महिने तुझ्यासाठी भांडतेय आणि तू एका फोनमध्ये सगळं पाण्यात घातलंस!

तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "गनपतीपासून मी माज्या हाताने चहा केला नाय. मी उठायच्या आधी तू कप घेऊन उभी. तो म्हनतो पुन्याला चल, तू म्हनतेस उमेल्याला राहा. दोघं मना दोन हातांना धरून ओढता, आनि दोघांना वाटतं मी पडेन. आज वर गेले तेव्हा मना कोनी धरलेलं नव्हतं. तवा मीच मना विचारलं, बाय, तुला काय पायजे?"

  पुतण्याविरुद्ध मी जे जे बोलले होते ते सगळं खरंच होतं, झाडं खरी, मासे खरे, नववा मजला खरा. पण सगळ्यांत खरं जे होतं ते मी चार महिन्यांत एकदाही बोलले नव्हते, त्याच्याशी नाही, हिच्याशी तर नाहीच. लग्न होऊन आले तेव्हा मी अठरा वर्षांची होते, सासू कडक, नवरा मुखदुर्बळ, आणि पहिल्याच रात्री मला स्वयंपाकघरात रडताना पकडलं ते हिने. तेव्हापासून मी सगळ्या जगाशी भांडत आले, कारण संध्याकाळी येऊन ते सगळं सांगायला ही होती. टेम्पो घ्यायचं तिला आधी सांगितलं, यांना मागून. मला तिचं स्वातंत्र्य बितंत्र्य काही नको होतं. मला ती हवी होती.

मुंडाशावाला उठून गेला. चहावाला भांडी धुवायला मागे गेला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

"जाव नको, ताई," मी म्हटलं. "मना करमनार नाय."

तिने माझा सुजलेला पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि हळदीची पट्टी सैल झाली होती ती नीट बांधायला लागली.

"हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगितलं असतं तर राहिली असतीस?"

तिने गाठ मारली, नीट बसली का ते बोटाने दाबून बघितलं.

"नाय," ती म्हणाली. "पन बरं वाटलं असतं गो मना."